हिरवा ठिपका आणि आपण : स्क्रीनवरच्या नोकरीत नव्याने आलेल्यांसाठी

रात्री पावणेअकराला वरिष्ठांचा मेसेज आला : "उद्या जरा बोलायचंय." बस, एवढंच. नोकरीला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. गेल्या आठवड्यात पाठवलेली एकेक फाइल मी मनातल्या मनात उघडून पाहिली, कुठे काय चुकलं असेल ते शोधलं, दोनदा उत्तर टाइप करून खोडलं. पहाटे कधीतरी डोळा लागला. सकाळी कळलं की माझी बसायची जागा बदलणार होती. त्यांनी तो मेसेज सकाळी विसरायला नको म्हणून पाठवून ठेवला होता. पाठवून ते निवांत झोपलेही असतील.

आता नव्या लोकांना कामाची घडी बसवून द्यायचं काम माझ्याकडे असतं. पासवर्ड विसरणं, फाइल हरवणं, चुकीच्या ग्रुपवर मेसेज जाणं, हे सगळं निस्तरता येतं. पण दोन-तीन महिन्यांत काही जणांचा चेहरा उतरतो, आणि विचारलं तर म्हणतात, "काम फार नाहीये, पण दमायला होतं." हे दमणं कामाचं नसतं. कोणत्याही क्षणी कोणीतरी हाक मारेल आणि आपल्याला ओ द्यावी लागेल, या तयारीत दिवसभर बसून राहण्याचं ते दमणं असतं. चॅटच्या खिडकीत नावाशेजारी हिरवा ठिपका दिसतो ना, तो हिरवाच राहावा म्हणून अधूनमधून माउस हलवणारी माणसं मी पाहिली आहेत. मीही हलवला आहे.

म्हणून हा लेख 'फोन कमी वापरा' असं सांगणारा नाही. फोन आणि लॅपटॉपवरच आपलं काम चालतं, तो सल्ला कोणाच्या कामाचा? उत्तर कधी द्यायचं आणि कधी नाही, हे ठरलेलं नसतं, तिथे खरी मेख आहे. ते कसं ठरवायचं, आणि त्याच्या आजूबाजूला आणखी काय काय करता येतं, ते क्रमाने सांगतो.

पहिले तीन दिवस काहीही बदलू नका

एक कोरा कागद घ्या. फोन हातात घेतलात किंवा काम करता करता दुसऱ्या खिडकीत गेलात, की तीन गोष्टी लिहायच्या : किती वाजले, कशासाठी गेलात, परत आल्यावर कसं वाटलं. सगळं लिहून होणार नाही. निम्मं झालं तरी पुष्कळ.

आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींमध्ये २०१८ पासून स्क्रीनवर घालवलेला वेळ मोजायची सोय आहे. मग कागद कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण ती सोय फक्त तास मोजते. रस्ता शोधायला नकाशा उघडून ठेवलेली चाळीस मिनिटं आणि 'त्याने वाचलं, मग उत्तर का देत नाही' म्हणून घुटमळलेली चाळीस मिनिटं तिच्या लेखी सारखीच. संशोधनातही तासांचा हिशेब फार दूर नेत नाही. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ साली साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांच्या सर्वेक्षणांची आकडेवारी तपासली. मुलांच्या समाधानात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता येतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे नुसता 'किती वेळ' हा प्रश्न पुरेसा नाही. 'कशात, कोणत्या मनःस्थितीत आणि कशाच्या बदल्यात' हे विचारावं लागतं.

माझ्या पहिल्या कागदावरच्या दोन नोंदी अशा होत्या : "११.१० : फोन थरथरला असं वाटलं. थरथरला नव्हता." "११.२५ : ओटीपी बघायला घेतला. ग्रुप उघडला. १२ मिनिटं. ओटीपीची मुदत संपली." दुसरी नोंद वाचून हसू आलं, पहिली वाचून नाही.

तिसऱ्या दिवशी कागद समोर ठेवा आणि नोंदींचे दोन ढीग करा. एक, कोणीतरी मला बोलावलं. दोन, मीच उठून गेलो. बहुतेकांना वाटत असतं की पहिला ढीग मोठा असणार. माझा दुसरा मोठा निघाला. पुढच्या पायऱ्यांपैकी कोणत्या तुमच्या उपयोगाच्या, ते या ढिगांवरून कळेल.

तुटणाऱ्या लक्षाची किंमत

ग्लोरिया मार्क या अमेरिकेतल्या संशोधक वीस वर्षांहून जास्त काळ ऑफिसातली माणसं स्क्रीनसमोर नेमकं काय करतात ते पाहत आल्या आहेत. सुरुवातीला त्या शब्दशः माणसाच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभ्या राहत. २००४ साली एका स्क्रीनवर लक्ष टिकायचा सरासरी काळ अडीच मिनिटांच्या आसपास भरला. अलीकडच्या मोजणीत तो ४७ सेकंदांवर आला आहे.

त्यांचं २००८ सालचं एक निरीक्षण मला जास्त बोलकं वाटतं. मध्येमध्ये व्यत्यय आलेल्या लोकांनी हातातलं काम उलट लवकर संपवलं होतं. पण त्यांच्यावरचा ताण, चिडचिड आणि घाई वाढलेली होती. वरून पाहणाऱ्याला हे दिसत नाही. काम वेळेत झालेलं दिसतं, शाबासकीही मिळते, आणि संध्याकाळी आपण घरच्यांवर का खेकसतोय हे आपल्यालाच उमगत नाही.

यामागचं कारण सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये मांडलं. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलो, तरी मनाचा एक तुकडा पहिल्या कामातच अडकून राहतो. देहाने इथे, चित्ताने तिथे. त्यावरचा उपायही त्यांच्याच पुढच्या अभ्यासातून आला आहे आणि तो अगदी सोपा आहे. काम सोडून उठायच्या आधी एक ओळ लिहा : कुठवर आलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं. "तिसऱ्या तक्त्यातली बेरीज जुळत नाही; मार्चचे आकडे तपासायचे." कोणी बोलावलं तर "अर्धा मिनिट द्या" म्हणा आणि ही ओळ लिहूनच उठा. नव्या माणसाला असं म्हणायला संकोच वाटतो. पण अर्ध्या मिनिटाला कोणीच नाही म्हणत नाही.

सूचना : ॲप निवडू नका, माणसं निवडा

'नोटिफिकेशन बंद करा' हा सल्ला सगळीकडे मिळतो. लोक एका रविवारी सगळं बंद करतात, सोमवारी एखादा महत्त्वाचा निरोप चुकतो आणि मंगळवारी सगळं पुन्हा चालू होतं. चूक निवडीत असते. ॲप बंद करायचं की चालू ठेवायचं, असा विचार करू नका. चालू कामातून मला उठवायचा हक्क कोणाला आहे, अशी यादी करा. माझ्या यादीत पाच नावं आहेत : घरातली तीन, कामावरची दोन. ही यादी करताना काही नात्यांबद्दल विचार करावा लागतो, ते वेगळं.

मग सेटिंगकडे वळा. आयफोनमध्ये 'फोकस' आणि अँड्रॉइडमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' आहे. दोन्हींत ठरावीक माणसांना वगळता येतं, म्हणजे बाकी सगळे गप्प आणि ही पाच नावं मात्र वाजतात. कामाच्या दोन-दोन तासांना हे लावून ठेवा. अँड्रॉइडवर आणखी एक सोय आहे, ती फारच थोड्यांना माहीत असते. नको असलेली सूचना आली की ती पुसू नका, तिच्यावर बोट दाबून धरा. त्या ॲपमधला तेवढाच प्रकार बंद करता येतो. बँकेचा व्यवहाराचा निरोप चालू आणि 'तुमच्यासाठी खास कर्ज' बंद, असं जमतं, अर्थात ॲप बनवणाऱ्याने दोन्ही एकाच टोपलीत टाकले नसतील तर. काही जण मुद्दाम टाकतात.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपना आठ तास, आठवडा किंवा कायमचं म्यूट करता येतं. जे ग्रुप सोडता येत नाहीत आणि बघवतही नाहीत, ते अर्काइव्ह करा. नवा मेसेज आला तरी ते डोकं वर काढत नाहीत. ग्रुपमध्ये कोणी तुमचं नाव घेऊन हाक मारली तर म्यूट असतानाही कळतं, तेव्हा काही सुटून जाईल ही भीती ठेवू नका.

ॲपच्या चिन्हावरचा लाल आकडा मात्र न विसरता घालवा. आवाज एकदा होऊन थांबतो. आकडा दिवसभर टोचत राहतो.

मेलचं काय? कोस्टादिन कुशलेव्ह आणि एलिझाबेथ डन यांनी १२४ जणांवर केलेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एक आठवडा दिवसातून फक्त तीनदा मेल बघायची, दुसरा आठवडा हवी तेव्हा. तीनदा बघायच्या आठवड्यात लोकांचा ताण कमी भरला. ग्लोरिया मार्क यांनी तर १३ जणांची मेल पाच दिवस पूर्ण तोडली होती. एरवी ही माणसं तासाला सरासरी ३७ वेळा खिडक्या बदलायची, तो आकडा १८ वर आला, आणि हृदयाच्या ठोक्यांवरून मोजलेला ताणही उतरला. आपल्याला पाच दिवस तोडता येणार नाही. तीनदाही कोणाकोणाला जमणार नाही. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्याने तीनदाच मेल बघितली तर नोकरी टिकायची नाही. पण दर पाच मिनिटांऐवजी दर तासाला, हे बहुतेक ठिकाणी कोणाच्या लक्षातही येत नाही.

उत्तराचा करार

आता मुख्य गोष्ट. सगळ्या सेटिंग केल्या, फोन गप्प झाला, तरी जीव टांगणीला लागलेला असतो. का? कारण 'त्यांना उत्तर कधी हवं होतं?' याचं उत्तर आपल्याकडे नसतं, आणि ते नसलं की मन 'आत्ताच' असं धरून चालतं.

२०२१ मध्ये लॉरा जुर्जे आणि व्हेनेसा बोन्स यांनी आठ प्रयोग मिळून हे दाखवून दिलं. कामाच्या वेळेबाहेर आलेल्या साध्या मेलला किती लवकर उत्तर अपेक्षित आहे, हा अंदाज मेल मिळणारा नेहमी जास्तच बांधतो. पाठवणाऱ्याची तेवढी घाई नसतेच. पाठवणाऱ्याने 'सावकाश उत्तर दिलं तरी चालेल' एवढी एक ओळ जोडली की हा फरक बराच मिटतो. माझी ती रात्र म्हणजे याचंच उदाहरण. त्यांची बाजू दोन सेकंदांची, माझी पाच तासांची.

म्हणून पहिल्या आठवड्यातच, प्रसंग येण्याआधी, थेट विचारून घ्या. इथे नवे लोक अडखळतात. त्यांना वाटतं, असं विचारलं तर आपण कामचुकार ठरू. शब्द कसे निवडता यावर ते अवलंबून असतं. "संध्याकाळनंतर मेसेजला उत्तर द्यावंच लागेल का?" असं विचारलं तर समोरच्याच्या कपाळाला आठी पडेल. त्याऐवजी असं विचारून पाहा : "सर, तातडीचं काही असेल तर मला कुठे गाठाल, फोनवर की चॅटवर? म्हणजे तेवढ्याकडे माझं लक्ष राहील." किंवा : "मॅडम, मेलला त्याच दिवशी उत्तर दिलं तर चालतं ना, की दोन तासांत हवं असतं?" दोन्ही प्रश्नांत तुम्ही जबाबदारी घेताय, टाळत नाही. उत्तर काहीही आलं तरी तुमचा फायदाच आहे. 'तातडीचं असेल तर फोन करेन' असं ते एकदा म्हणाले, की फोन वाजत नाही तोवर तुम्ही मोकळे.

आमच्या टीममध्ये हा करार चार ओळींत लिहून चॅटच्या माथ्यावर चिकटवून ठेवलेला आहे : आग लागली तर फोन. आज हवं असेल तर चॅट. या आठवड्यात चालेल तर मेल. आणि संध्याकाळी सातनंतर चॅटवर काही टाकलं तर ते सकाळसाठी आहे असं समजायचं. पहिल्या महिन्यात हा करार सगळ्यात जास्त वेळा मीच मोडला. एका मुलीने रात्री साडेनऊला माझ्या मेसेजवर नुसतं 'सकाळसाठी ना?' एवढंच लिहिलं, आणि मी वरमलो.

तुम्ही पाठवणारे असाल तेव्हाचे नियमही लिहून ठेवा, कारण नवा माणूस सहा महिन्यांत दुसऱ्या कोणाचा तरी वरिष्ठ होतो. "उद्या बोलू" असं कधीही नुसतं लिहू नका. कशाबद्दल ते लिहा. "हॅलो" म्हणून थांबू नका, हॅलोबरोबरच काम सांगून टाका. रात्री काही सुचलं तर लिहून ठेवा आणि सकाळी जाईल अशी वेळ लावा. जीमेलमध्ये २०१९ पासून ही सोय आहे, ऑफिसच्या बहुतेक चॅटमध्येही आता असते.

हिरव्या ठिपक्याबद्दलही स्पष्ट बोलून घ्या. ठिपका म्हणजे 'संगणक चालू आहे', 'मी रिकामा आहे' असा त्याचा अर्थ नाही. एकाग्र होऊन काम करायचं असेल तेव्हा स्टेटसमध्ये वेळ लिहा : "१२ पर्यंत अहवालात आहे, मग बघतो." 'बिझी' या शब्दापेक्षा वेळ लिहिणं चांगलं. 'बिझी'ला शेवट नसतो, त्यामुळे लोक थोडी वाट पाहतात आणि मग दार ठोठावतातच.

काही देशांनी या कराराला कायद्याचा आधार दिला आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाबाहेरच्या वेळेत डिजिटल साधनांपासून दूर राहण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून अवेळी आलेल्या संपर्काला उत्तर न देण्याचा हक्क आहे, नकार अवाजवी नसेल तर. त्याआधी २०११ मध्ये फोक्सवॅगनने जर्मनीतल्या काही कर्मचाऱ्यांच्या फोनवर पाळी संपल्यानंतर अर्ध्या तासाने मेल पोचवणंच थांबवलं होतं. कायदा असला तरी रोजचं गाडं मात्र टीमच्या सवयीवर चालतं. नुसत्या कायद्याने वरिष्ठांचा रुसवा जात नाही.

लिहिलेल्या ओळीतला सूर

"ठीक आहे." या दोन शब्दांपुढचा पूर्णविराम वाचून माझ्या एका सहकाऱ्याने दोन दिवस एकाशी अबोला धरला होता. लिहिणाऱ्याला शाळेपासून पूर्णविराम द्यायची सवय होती, बाकी काही नाही.

याचीही मोजणी झालेली आहे. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांच्या २००५ सालच्या अभ्यासात लोकांनी काही वाक्यं उपहासाने आणि काही मनापासून लिहून मेलने पाठवली. वाचणाऱ्याला सूर कळेल अशी खात्री लिहिणाऱ्यांना सुमारे ७८ टक्के वेळा होती. प्रत्यक्षात कळला ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं त्याहून जरासाच बरा. तीच वाक्यं आवाजातून ऐकवली तेव्हा मात्र बहुतेकांनी बरोबर ओळखलं.

तेव्हा नियम सोपा ठेवा. एखादी ओळ वाचून छातीत धस्स झालं, तर तिचा सगळ्यात सौम्य अर्थ धरा आणि खात्री हवी असेल तर फोन करा. एकाच विषयावर तिसरं लांब उत्तर टाइप करायला घेतलंत की थांबा, तेव्हाही फोनच करा. चूक दाखवायची असेल तर ती ग्रुपवर दाखवू नका. थट्टा कोणाचीही असो, ऑफिसच्या चॅटवर नको, निदान पहिले काही महिने.

व्हिडिओ कॉल, डोळे, पाठ

हे झटपट आटपतो, कारण उपाय साधे आहेत. व्हिडिओ कॉलने येणाऱ्या थकव्याची चार कारणं स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ मध्ये मांडली : सतत इतक्या जवळून रोखून पाहणारे चेहरे, स्वतःचा चेहरा सारखा समोर असणं, एका जागी खिळून बसणं, आणि माना डोलावण्यापासून सगळे हावभाव मुद्दाम करावे लागणं. दुसऱ्या कारणावरचा उपाय एका क्लिकचा आहे : स्वतःची चौकट लपवा. कॅमेरा चालूच राहतो, फक्त आपला आरसा जातो. तुमच्या केसांकडे तुमच्याइतकं कोणीच पाहत नसतं. जिथे फक्त ऐकायचं आहे तिथे कॅमेरा बंद ठेवायची परवानगी एकदाच मागून घ्या.

स्क्रीनकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद पाहा. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर पैसे घालवू नका. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची संस्थाही तो घ्या म्हणत नाही. फोनवरचं बोलणं उभ्याने किंवा फिरत करा, पाठ दुवा देईल.

दिवस मिटवायची खूण

पूर्वी ऑफिस सुटलं की दार बंद व्हायचं, कुलूप लागायचं. लॅपटॉप घरी आल्यापासून ते दार आपल्यालाच लावावं लागतं. मी शेवटची पाच मिनिटं राखून ठेवतो. उद्याची पहिली तीन कामं कागदावर लिहितो, चॅट बंद करतो, लॅपटॉप पिशवीत घालून पिशवीची चेन ओढतो. चेनचा आवाज झाला की दिवस संपला. ऐकायला पोरकट वाटतं, मलाही वाटायचं.

उद्याची कामं लिहिण्यामागे कारण आहे. २०१८ मध्ये मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं काहीतरी लिहायला दिलं. काहींनी पुढे करायची कामं लिहिली, काहींनी झालेली. पुढची कामं लिहिणाऱ्यांना साधारण नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी लवकर. कागदावर उतरलेलं काम डोक्यात घोळत राहत नाही.

फोन उशाशी नको. गजरासाठी लागतो, ही सबब मी पुष्कळ वर्षं दिली. एक साधं गजराचं घड्याळ घ्या आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. कामाची मेल स्वतःच्या फोनवर घ्यायलाच हवी का, हेही विचारून पाहा. पुष्कळांनी ती कोणी न सांगताच, उत्साहात घेतलेली असते.

कामापलीकडचं ऑनलाइन

पडदा वर ढकलत राहा आणि खालून नवं येत राहो, या रचनेला तळ नाही. ती २००६ मध्ये मांडणारे एझा रास्किन पुढे तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त करत आले आहेत. पान संपत असे तेव्हा 'पुढे जाऊ का?' असा प्रश्न पडायला जागा होती, ती या रचनेत उरली नाही. ती जागा आपण परत करून घेऊ शकतो. ॲप काढून टाका आणि तेच ब्राउझरमध्ये उघडा, दर वेळी पासवर्ड टाकून. तेवढ्या कंटाळ्यानेच निम्म्या फेऱ्या गळतात.

पूर्ण बंद केलं तर? हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अमेरिकेत काही लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. रोज सुमारे तासभर मोकळा झाला आणि समाधान वाढलं, पण थोडंच. बातम्यांची माहिती मात्र कमी झाली. सोडल्याने आयुष्य पालटतं असंही नाही आणि काहीच होत नाही असंही नाही. कोणाचं पाहून झाल्यावर आपल्याला आपलंच उणं वाटायला लागतं, तेवढी खाती आधी म्यूट करा. त्यांना कळत नाही. नोकरीच्या बढत्या जाहीर करणारी खातीही यात आली. नव्या माणसाला बहुधा तीच जास्त टोचतात.

कोणी शिवीगाळ करत असेल, धमकी देत असेल, तर क्रम लक्षात ठेवा. आधी तारीख, वेळ आणि खात्याचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट. मग तक्रार. मग ब्लॉक. उत्तर नाही. क्रम उलटा केलात तर पुरावा हातचा जाऊ शकतो. तो स्क्रीनशॉट भरवशाच्या एका माणसाला पाठवून ठेवा, आणि पुढचे दोन दिवस तुमच्या पोस्टखालचे शेरे तुमच्याऐवजी त्यालाच वाचू द्या. धमकी जिवाची किंवा अब्रूची असेल तर पोलीस. 'ऑनलाइनच तर आहे' असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

जे सेटिंगने सुटत नाही

दोन माणसांचं काम एकाला दिलेलं असेल, तर सूचना बंद करून काहीही होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित घटना म्हटलं. कामावरचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही, की अंगातली ताकद संपल्यासारखी वाटते, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येतो, आणि हातून पूर्वीसारखं काम होत नाही. याच संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मिळून सांगितलं की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो.

असं असेल तर तो तीन दिवसांचा कागद पुन्हा कामाला येतो. "मला फार ताण आहे" असं सांगितलं तर सांत्वन मिळतं. "गेल्या आठवड्यात संध्याकाळी सातनंतर १९ निरोप आले, त्यातले १६ सकाळी चालले असते" असं सांगितलं तर चर्चा होते. आकडे घेऊन जा. झोप सलग काही आठवडे उडाली असेल, सकाळी लॅपटॉप उघडायच्या कल्पनेनेच पोटात गोळा येत असेल, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. पुढच्या सुट्टीची वाट बघत बसू नका.

तीन आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस नोंद करा, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. माझ्या दुसऱ्या कागदावर बोलावल्याच्या नोंदी निम्म्यावर आल्या होत्या. स्वतःहून उठून गेल्याच्या नोंदी जवळपास तेवढ्याच होत्या. त्यातल्या बऱ्याच दुपारी तीन ते चारच्या दरम्यानच्या होत्या. मग ध्यानात आलं की त्या वेळेला मला काम नकोसं होतं, फोन हवासा होतो असं नाही. तेव्हापासून तीन वाजता मी खुर्चीतून उठून पाणी पिऊन येतो. फोन टेबलावरच राहतो, कधीकधी.